हवेचा सेन्सर आणि पहिली धार

६ एप्रिल, सकाळ

चंद्रपूरच्या दवाखान्यातून फोन. वच्छलाच्या छातीतल्या गाठीत सुई घालून तपासलं होतं, त्याचा रिपोर्ट गुरुवारी मिळेल, येताना घरचं माणूस सोबत आणा. हे शेवटचं वाक्य ते सगळ्यांनाच सांगत असणार. रुटीन.

आपल्या गाडीनेच जायचं. फक्त डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलाय आणि पिकअप घेताना गाडी झटके मारते. वच्छला म्हणाली, सकाळची बस सरळ चंद्रपूरले जाते. मी समजावलं की अशा वेळी बायकोला एसटीत धक्के खायला लावणारा नवरा मी नव्हे. ती भाजी निवडत राहिली. गाडी सुरेंद्र मिस्त्रीकडे टाकायचा प्रश्नच नाही. तो एक बिघाड काढतो आणि दुसरा ठेवून देतो. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. इंजिन म्हणजे शेवटी हवा, इंधन आणि ठिणगी.

निश्चय: फिल्टर, सेन्सर, थ्रॉटल, सगळं घरीच साफ. बुधवारी वाटेतल्या मूल गावापर्यंत ट्रायल. गुरुवारी चंद्रपूर.

७ एप्रिल

एअर फिल्टर काढला. धूळ, पालापाचोळा आणि एक वाळलेली पाल. इतके दिवस गाडी बिचारी पालीतून श्वास घेत होती. व्हिडिओत फिल्टर नुसता झटकतात. आळशी लोक. मी साबणाच्या पाण्यात भिजवून घासला आणि दोरीवर वच्छलाच्या पातळाशेजारी वाळत घातला. वाळल्यावर पापडासारखा कडक झाला, थोडा वाकडाही. म्हणजे मजबुती वाढली. बायकोने विचारलं, कागद धुतेत का कोनी? टेक्निकल गोष्टी घरात सांगून उपयोग नसतो.

दुपारी आत गेलो तर ती पदराखाली हात धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला पाहून हात काढला. म्हणाली, उकडून राह्यलं. उन्हाळा आहे खरा.

शेरा: प्रगती समाधानकारक.

८ एप्रिल

ट्रायल रद्द. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर मारायचा स्प्रे आख्ख्या चामोर्शीत नाही. व्हिडिओतला माणूस म्हणतो, स्प्रे नसेल तर शुद्ध अल्कोहोल वापरा. मेडिकलमध्ये विचारलं, त्याने कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर काढून दिलं. जेलीसारखं. ते सेन्सरवर कसं चालेल?

आता जिल्ह्यात दारूबंदी, आणि गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष मी. शुद्ध अल्कोहोल आणणार कुठून? बराच विचार केला. उत्तर एकच निघालं आणि त्याचं नाव सुकलू. मागच्याच महिन्यात समितीने त्याचा दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा नाल्यात ओतला. फोटोत मीच पुढे आहे, हातात मडकं.

पण पिणं वेगळं आणि पुसणं वेगळं. समितीच्या नियमांत पुसण्याबद्दल एक शब्द नाही.

९ एप्रिल, गुरुवार

गेलो नाही. गाडी उघडी पडलेली, फिल्टर त्याच्या डब्यात बसत नाही. अर्धवट गाडीतून आजारी माणसाला नेणं बेजबाबदारपणाचं. दवाखान्यात फोन केला, तर म्हणाले रिपोर्ट तयार आहे, कधीही या, पण लवकर या. रिपोर्ट काही नासत नाही.

वच्छला सकाळीच तयार झाली होती. ठेवणीतलं पातळ, फाईल पिशवीत. मी सांगितल्यावर पिशवी खुंटीला अडकवली आणि त्याच पातळात स्वयंपाकाला लागली.

दुपारी सुकलूकडे. मला बघून बिचारा पळायच्या बेतात होता. मोठ्या मुश्किलीने थांबवलं आणि गाडीसाठी पाहिजे म्हणून सांगितलं. म्हणाला, "घ्या ना गुरुजी. सारेच कोनाच्या ना कोनाच्या नावानं नेतेत." खुलासा करत बसलो नाही. पहिल्या धारेची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणली.

११ एप्रिल

शुद्धतेची चाचणी: थोडी बशीत ओतून काडी लावली. निळी ज्योत. माल अस्सल. डाव्या मिशीचं टोक गेलं.

सेन्सर काढला. आत केसाहून बारीक तार. हात लावू नका, असं व्हिडिओवाला ओरडून सांगतो, पण मोहाची दारू नुसती ओतून मळ निघेना, म्हणून वच्छलाच्या जुन्या टूथब्रशने अगदी हलक्या हाताने घासलं. तार तुटली. मुळातच ढिली असावी. उरलेल्या दारूने इंजिनात हवा सोडणारा थ्रॉटल पुसला. तो मात्र आरशासारखा झाला.

सगळं परत बसवलं, वाकडा फिल्टर दाबून कोंबला. गाडी सुरू झाली, फडफडली, बंद पडली. परत सुरू, परत बंद. बॉनेटमधून असा वास सुटला की जणू अंगणात भट्टी लावलीय. तेवढ्यात शेजारची मनकर्णा आली. वच्छलाची मैत्रीण, आणि समितीची उपाध्यक्ष. तिने हुंगलं. मग म्हणाली, "गुरुजी, आपन लोकायची मडकी फोडतो आन् तुमी इंजिनले पाजता का?" मी शास्त्रीय कारण सांगायला घेतलं. तिने ऐकलं नाही, आत जाऊन वच्छलाजवळ बसली. दार लोटून घेतलं.

बायकांना दार लोटून बोलण्यासारखं काय असतं, कळत नाही.

१३ एप्रिल

रुपालीचा नागपूरहून फोन. पोरीला शनिवारशिवाय सुट्टी नाही. बाबा, आईला बसनं न्या ना, म्हणाली. मी तिला हवा आणि इंधनाचं प्रमाण समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, बाबा, तुम्हाला भीती वाटते का?

नेटवर्क नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

भीती कसली? एक तार तुटलीय, नवीन सेन्सर मागवलाय, तो येईल. झोप लागत नाही हे खरं. डोळा लागला की खोलीत रिपोर्ट उघडून कोणीतरी वाचतंय असं वाटतं, आणि मी दचकून उठतो. गाडीचं टेन्शन, दुसरं काय.

१४ एप्रिल

आज जयंती. सकाळपासून निळे झेंडे, रॅली, खीर. दवाखान्यातलं रिपोर्टचं काउंटर बंद असणार. बरं वाटलं. म्हणजे, गाडीला एक दिवस मिळाला म्हणून.

वच्छला रॅली बघायला दारात उभी होती. मी म्हणालो, सेन्सर आला की निघू. ती म्हणाली, हो. एवढंच. समजूतदार बाई आहे.

१५ एप्रिल, सकाळ

उठलो तर घर शांत. खुंटीवर पिशवी नाही. भाकरी झाकून ठेवलेली, भाजीवर ताटली. समोरच्याने सांगितलं, वैनी आन् मनकर्णाबाई पह्यल्या बसनं गेल्या.

एका अर्थी छान झालं. आता सलग काम होईल.

दुपार

  सेन्सर आला. बसवला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, एकदम गुळगुळीत. पिवळा दिवा गेला. व्हरांड्याकडे बघून हाक मारली, वच्छला, बघ. मग आठवलं.

इंजिन तसंच चालू ठेवून बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. आत्ता निघालो तरी दोन-अडीच तासांत पोचलो असतो. मूलच्या रस्त्याला लागलोही. पहिल्या फाट्यावरून परत फिरलो. टायरमध्ये हवा कमी वाटली.

संध्याकाळ

बसस्टँडवर गेलो. वच्छला उतरली. मनकर्णाने पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे निघून गेली. मी म्हणालो, गाडी सुरू झाली. वच्छला म्हणाली, बरं झालं.

घरी येऊन पाणी प्यायली. मग सांगितलं. गाठ चांगली नाही. कॅन्सर आहे. लवकर सापडलाय, ऑपरेशन करावं लागेल, सोमवारी नवऱ्याला घेऊन या म्हणालेत. हे सगळं तिने मला असं सांगितलं की जणू आजारी मी आहे.

मी विचारलं, डॉक्टर अजून काय बोलले?

"त्यायनं विचारलं, मालक काऊन नाई आले? मी सांगतलं, ते गाडी साफ करून राह्यले. तं म्हनले, कवापासून?"

तू काय सांगितलंस, विचारलं.

"म्हनलो, घरचं मानूस सोबत आना म्हनून तुमचा फोन आला, त्या दिवसापासून."

रागाने नाही बोलली. पाण्याचा तांब्या उचलून आत ठेवायला गेली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो आणि दारातच उभा राहिलो.  ती म्हणाली, बसा, भाकर टाकतो. मीच टाकतो म्हणालो. मला भाकरी येत नाही, हे तिला माहीत आहे. तरी तिने पीठ माझ्यापुढे सरकवलं.

सोमवारी जायचं. गाडीनं की बसनं, असं मी विचारलं नाही. तिच्या शेजारी बसायचं आहे, आणि गाडी चालवताना मला समोर बघावं लागतं.