साठची रेघ

सुरत, १० एप्रिल २०२५

ती. विनायकमामांस,
शि. सा. न.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र लावायचं म्हटलं की मामीशी भांडता, म्हणून पत्रच लिहिते.

माझं डोकं पार उठलंय. आमच्या ट्रस्टच्या वसतिगृहासाठी नववीची निवड परीक्षा झाली. शंभरपैकी साठ मिळाले तर मुलगी आत, पुढचं शिक्षण फुकट. माझ्या वर्गातली योगिता अठ्ठावन्नावर अडकली. सगळ्यांच्या आधी गणित सोडवणारी पोर हो ती! तिची आई पुष्पाबाई सरळ म्हणाली, की आता घरी बसून साड्यांना टिकल्या लावेल, इथल्या बमरोली वस्तीतल्या खानदेशी पोरी तेच करतात. माझ्याच वर्गातली वर्षा बासष्टवर सुटली. दोघींत मला तसूभर फरक दिसत नाही. तुमचा जन्म परीक्षा विभागात गेला. सांगा, ह्या दोन गुणांना एवढा भाव कशाला?

तब्येत सांभाळा, भाचीवर असाच जीव असू द्या.

तुमची
तेजस्विनी

पुणे, १६ एप्रिल २०२५

चि. तेजस्विनीस,
अ. आ.

यंत्रावरून तू माझी बाजू घे, असं लिहिणार होतो, पण पत्र वाचून टपालात तीच टाकणार आहे.

आमचा वजनकाटा मला सकाळी एक वजन सांगतो, थोड्या वेळानं दुसरंच. पेपरचंही तसंच. प्रश्न बदलले, दिवस बदलला की गुण खालीवर होतात. ही चूक किती, ते काढता येतं. प्रत्येक मुलीचे सम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण एकीकडे मांड, विषमचे दुसरीकडे. दोन्ही अर्धे जितके एकमेकांशी फटकून वागतील, तितकी चूक मोठी. सूत्र सोबत लिहिलंय. मग मुख्याध्यापिकाबाईंना सांग, की साठच्या अलीकडे-पलीकडे तेवढ्या गुणांत असलेल्या मुलींची परीक्षा पुन्हा घ्या. सगळ्यांची हं, नुसती तुझ्या लाडकीची नव्हे. नाहीतर तो पक्षपात होईल.

जेवत जा वेळेवर. मामीचे आशीर्वाद.

तुझा
विनायकमामा

सुरत, ९ मे २०२५

ती. विनायकमामांस,
शि. सा. न.

रागावले आहे, तरी नमस्कार.

चूक चार गुणांची निघाली. बाईंना पटलं. मी तर हवेतच होते! छप्पन्न ते चौसष्टमधल्या साऱ्या मुलींना पुन्हा बोलावलं आणि तारीख मीच ठरवली, २ मे. पुण्यात वाढलेली मी, आखाजी, म्हणजे दोनच दिवस आधीची अक्षय्यतृतीया, हा खानदेशी पोरींचा जीव की प्राण, हे मला कुठून ठाऊक? कुणाला विचारलंही नाही. वर्षा पास झाली म्हणून तिच्या वडिलांनी, सुकलालभाऊंनी, हौसेनं तिला गावी धाडलं होतं. झोके, गाणी, आमरस. पुस्तकाला हात कशाला लावेल बिचारी? निरोप गेला तशी मिळेल त्या गाडीनं आली आणि मेंदीच्या हातांनी पेपरला बसली. योगिता इथंच होती, अभ्यास करत.

योगिताला त्रेसष्ट मिळाले. वर्षाला सत्तावन्न.

दोन्ही पेपरांची सरासरी धरा म्हणून मी बाईंच्या हातापाया पडले. त्यांनी काढून दाखवली. योगिता आत, वर्षा अर्ध्या गुणानं बाहेर. नियम तूच मागितलास, म्हणाल्या.

काल सुकलालभाऊंकडे गेले. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा पाजला. ओरडले असते तर बरं झालं असतं हो! वर्षाला साड्यांच्या कामाला बसवलंय. मी तिला म्हटलं, चूक तुझी नाही, मापाची आहे. तिनं मान वर न करता विचारलं, की बासष्ट आणि सत्तावन्न यांतले तिचे खरे गुण कोणते. मी म्हटलं, ते कुणालाच ठाऊक नसतात. मग तिनं विचारलं, की ठाऊकच नव्हते तर तिला गावाहून बोलावलं कशाला.

मामा, तिला काय सांगू? राग ओसरेल माझा, तोवर माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
तेजस्विनी