दोन पलंग आणि एक साक्षीदार

आदरणीय मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार; मामींना आणि तुमच्या टेम्पोलाही. तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला गेला का? टेम्पोचा क्लच बसला का? (या तिघांत तब्येत आधी कुणाची विचारली यावरून मामी रुसतात, म्हणून त्यांना मुद्दाम मध्ये घातलं आहे.) आम्ही इकडे ठीक. ताईचं कसं आहे ते विचारू नका. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनवरून आमचं बहीणभावंडांचं जे वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद आहे.

मागे तुम्ही विचारलं होतंत, "तू नक्की काम तरी काय करतोस रे?" आणि मी "कॉम्प्युटरचं" म्हणून वेळ मारून नेली होती. आज नीट सांगतो, कारण पुढे त्याचा तुमच्याशी संबंध आहे. आमची कंपनी इस्पितळांच्या नोंदी सांभाळते. त्यासाठी डिस्कांनी भरलेली कपाटाएवढी दोन यंत्रं आहेत, एक माझ्या इमारतीत आणि दुसरं नदीपलीकडच्या गावात. नर्सबाईंनी कुणाचा ताप लिहिला की माझ्याकडचं यंत्र तो आधी पलीकडे धाडतं, तिकडून "पोचलं" असं उत्तर येईपर्यंत थांबतं आणि मगच बाईंना "झालं" म्हणतं. म्हणजे उद्या एक यंत्र जळालं तरी दुसऱ्याकडे अक्षर न् अक्षर शिल्लक. (आपल्या घरात तरी वेगळं काय होतं? कुठेही पोचलं की फोनच्या दोन रिंगा देऊन ठेवून द्यायचं, हा आईचा नियम. आई गेली, ताईची चाळिशी उलटली, तरी ती रिंगा देते. म्हणजे द्यायची.)

खरी पंचाईत मधली तार तुटली की होते. प्रत्येकाला वाटतं, दुसरा गेला, आता सगळा भार माझ्यावर. दोघंही प्रामाणिक! पण दोघंही वेगवेगळं लिहीत सुटले, तर तार जोडल्यावर दोन वह्या निघतात, खोटी एकही नसते आणि तरी एक फेकावी लागते. म्हणून एक तिसरं, चिमुकलं यंत्र ठेवतात. त्याला साक्षीदार म्हणतात. त्याच्यापाशी नोंद एकही नसते. त्याने फक्त दोघांकडे लक्ष ठेवायचं आणि वेळ आली की सांगायचं, तू चालू ठेव, तू गप्प बस. ज्याला गप्प बसवलं ते रुसत नाही (हे यंत्रांनाच जमतं), तार जोडली की राहिलेलं मुकाट्याने उतरवून घेतं.

हा साक्षीदार तिसऱ्याच ठिकाणी ठेवायचा असतो. आमच्या साहेबांनी तो माझ्याच खोलीत, मुख्य यंत्राला खेटून ठेवला. "एवढासा जीव, त्याला कशाला वेगळी जागा?" मी एकदा बोललो, मग नोकरी आठवून तोंड मिटलं. गेल्या आठवड्यात भरदुपारी इमारतीची वीज गेली, जनरेटरने एक उचकी दिली आणि तोही आडवा झाला. मुख्य यंत्र आणि साक्षीदार जोडीने गेले. पलीकडचं यंत्र धडधाकट, शेवटच्या तापापर्यंत सगळं त्याच्या पोटात, पण ते गप्प! बिचाऱ्याला कळेना, बाकीचे गेले की आपणच एकटे पडलो? आणि अशा वेळी तोंड उघडायचं नाही, हा नियम. तिकडे नर्सबाई तळहातावर ताप लिहीत होत्या, इकडे साहेब माझ्या डोक्यावर उभे राहून "दोन-दोन कपाटं काय शोभेला घेतली?" म्हणत होते. शेवटी पलीकडच्या ऑपरेटरला फोन करून "आता तूच मुख्य" असं यंत्राला सांगायला लावलं, तेव्हा गाडं हललं. साक्षीदाराला आता वेगळी जागा मिळाली आहे.

घरी आलो आणि माझीच मला लाज वाटली. बाबा हल्ली गॅस पेटता ठेवून फिरायला जातात. त्यांना एकटं ठेवणं बरं नाही. ताई गप्प, म्हणजे सगळं माझ्यावरच, असं धरून मी आधीच खोली रिकामी केली होती, पलंग आणला होता, रविवारी न्यायला येतो म्हणून बाबांना कळवलं होतं. बाबा "बरं" म्हणाले. परवा त्यांच्या शेजारणीकडून कळलं, ताईनेही पलंग घेतलाय, तीही रविवारीच येणार आहे, आणि बाबा तिलाही "बरं" म्हणालेत. (ते सर्जनलाही "बरं" म्हणाले होते आणि आयत्या वेळी उठून घरी आले होते.)

आता निवाडा कुणी करायचा? माझी बायको माझ्या घरात, भावजी ताईच्या घरात, सगळे साक्षीदार खेटून! तिसऱ्या ठिकाणचे तुम्ही एकटेच. तेव्हा रविवारी बाबांकडे या आणि सांगा. मला गप्प बस म्हणालात तर बसेन. पण मामा, मला बाबा हवे आहेत हो.

तुमचा,
भाचा

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फोन दोनदा वाजून थांबला. ताई! कुठेतरी पोचली असावी. मीही खुर्चीत बसल्या बसल्या दोन रिंगा दिल्या. मग तिने खराच फोन केला. आधी भांडलो, मग दोघंही रडलो, तिने मला पहिल्यासारखं "गधड्या" म्हटलं.

आणखी ता. क. दोघांनी मिळून बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही. मी हे घर सोडणार नाही. पलंग दोन्ही इकडे आणून टाका आणि पाळीपाळीने तुम्हीच झोपायला या." तेव्हा साक्षीदार रद्द, पण रविवारी टेम्पो घेऊन याच. वर क्लचची चौकशी रीत म्हणून केली होती, ती आता मनापासून केली आहे असं समजावं.