बेडकी आणि लाल गाडी

९ एप्रिल २००६
चौघांनी उचलली! आण्णा आत बसलेले असताना पोरांनी त्यांची बेडकी मोटार उचलली आणि मांडवाच्या ओट्यावर नेऊन ठेवली. कळंबच्या लग्नात, सगळ्या पावण्यांसमोर! आदेशदादा — माझा सख्खा चुलतभाऊ — टाळ्या पिटत होता. "काका, खेळणं शोकेसमधी ठिवलंय बगा!" शेजारी त्याची नवी लाल स्पोर्ट्‌स कार.
आण्णाही हसले. तेच मला सोसत नाही.

१० एप्रिल
बेडकी म्हणजे आण्णांची तीनचाकी मोटार. स्कूटरचं इंजिन, दोन माणसांची जागा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. शाळेत जायच्या आधी आण्णांनी मला मुळाक्षरं तिच्या काचेवरच्या धुळीत गिरवायला लावली.
आदेशदादा आज घरी आला. तो चहा पीत होता तोवर मी दोन्ही गाड्या नीट पाहिल्या. खोटं लिहायचं नाही — लाल गाडी देखणी आहे. पाच सेकंदांत शंभरचा वेग घेते म्हणे. बेडकी शंभर कधी गाठतच नाही. पण बेडकीच्या पोटाखाली कोंबडी खुशाल बसते. लाल गाडीच्या पोटाखाली माझी बोटं चारच मावली.
चारच!

११ एप्रिल
परवा यात्रेत, बैलगाड्यांच्या शर्यतीआधी, दोन्ही मोटारी घाट — शर्यतीचा चढाचा मातीचा पट्टा — एकेक करून चढणार. मीच डिवचलं. "दादा, चढ जमंल का तुझ्या गाडीला?"
"बेडकीपुढं? डोळं मिटून!"
"कशाला गं पोरी," आण्णा म्हणाले. पण लगेच फडकं घेऊन बेडकी पुसायला गेले.
पहिली बारी लाल गाडीची ठरली. हसणाऱ्यांनी यावं सगळ्यांनी. बघावं.

१२ एप्रिल
यात्रेच्या आदल्या दिवशी घाटातले दगड वेचायचा मान आमच्या घराचा. बैलाच्या खुराला इजा नको म्हणून. आठ वर्षांची होते तेव्हापासून मी वेचते. कधी सुपारीएवढा खडा सोडला नाही.
आज एक ठेवला. नारळाएवढा, चढावर, अगदी मधोमध. वरून माती ओढली. चाकं दोन्ही अंगांनी जातील, पोट जाणार नाही. फाटू दे! त्याच ओट्यावर नेऊन ठेव म्हणावं.
लाल गाडी अडकली की धावत जाऊन उचलीन. बैलांच्या आधी नक्की. देवाशपथ.
हात तीनदा धुतले.

१३ एप्रिल
आदेशदादा ऐनवेळी आण्णांच्या पाया पडला. "लग्नात लई चुकलं काका. पहिली बारी तुमची." भोंग्यावर पुकारा झाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी ओरडले. भोंग्यापुढे कोण ऐकतं!
बेडकीला पुढचं चाक एकच. मधोमध.
गाडी उलटली. आण्णांचा हात दोन ठिकाणी मोडला. आदेशदादाने त्यांना लाल गाडीत घालून नारायणगावला नेलं. सगळी गादी रक्ताने भरली. तो रडत होता.

१४ एप्रिल
दवाखान्यात सगळे म्हणत होते, दगड होता, आमी बगितला. आण्णा उठून बसले. "वरनं घरंगळला आसंल! घाट माझ्या लेकीनं येचलाय."