आत काम सुरू झालंय

३ फेब्रुवारी १९८६
धाकट्या दशरथच्या नलिनीची पाळी चुकलीय! लग्नाला चार वर्षं झाली, आता कुठे! कुणाला सांगायचं नाही. शेजारच्या सरूबाईला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "केमिस्टकडून दोन गोळ्या आण गो. घेऊन पाळी आली तर दिवस गेलेले नाहीत. नाही आली तर पेढे वाट." उद्या आणते म्हटलं.

४ फेब्रुवारी
क्षमा खवळली! थोरल्याची मुलगी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. "आजी, त्या गोळ्यांचं नाव काढू नकोस! पाळी चुकली कळेपर्यंत आत काम सुरू झालेलं असतं. पाठीची नळी मिटते, तिचाच मेंदू नि मणका होतो. हृदय उडायला लागतं. हात म्हणजे नुसते कोंब. दोन महिन्यांत सगळा साचा तयार! तेव्हाच भलती गोळी गेली, नाहीतर आईला जर्मन गोवर झाला, तर साच्यालाच धक्का."
माझी पाच बाळंतपणं झाली. मला वाटायचं, आत सगळं असतंच, नुसतं भोपळ्यासारखं वाढतं! कोण सांगणार? चौथीत शाळा सुटली.

९ फेब्रुवारी
कॉलेजात तीन दिवस उबवलेलं अंडं उघडून दाखवलं म्हणे. लाल ठिपका, टुकटुक उडत होता! आज पोळा करताना मी अंडं फोडून वाकून बघितलं. क्षमा हसून लोळली — "अगं, ते पोल्ट्रीतलं! त्या कोंबडीने कोंबडा पाहिलेला नाही!"
काय पोरगी आहे! आईवर नाही, माझ्यावर गेलीय.

१६ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवस गेलेत! पेढे वाटले. नळावर सगळ्या बायकांना नळी, कोंब, ठिपका — सगळं सांगितलं. सरूबाई म्हणते, "मोठी डॉक्टरीण लागून गेलीस!" म्हटलं, "नात शिकवते माझी! आमच्या घरात असल्या गोळ्या चालत नाहीत. आमची नलिनी शहाणी." नलिनी हंडा उचलून निघून गेली. लाजली असेल.

२२ फेब्रुवारी
नलिनी भाकरी थापता थापता रडायला लागली. "आई, सरूबाई बोलल्या ते मी आतून ऐकलं, नि त्याच संध्याकाळी गोळ्या आणून घेतल्या. तुम्ही नळावर एवढ्या कौतुकाने सांगत होता — तोंड उघडवेना."
क्षमा म्हणाली, दरवेळी बिघडतंच असं नाही, पण डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं. सोमवारी जातोय.
दशरथ ओरडला — "कुणाचं डोकं हे?"
म्हटलं, माझं. मीच आणल्या, मीच दिल्या.