थेरपिस्टबाईंना तू केलेला फोन

आई,

दूध तापवलंय, निवलं की फ्रीजमध्ये ठेव. मी थेरपिस्टबाईंकडे जातेय.

तू माझ्या अपरोक्ष त्यांना फोन करून "पोरगी पहिल्यापासून आक्रस्ताळी आहे, तिचं सगळं खरं धरू नका" म्हणालीस. त्यांनीच काल मला कळवलं. मी त्यांच्याकडे जाते की नाही, एवढंही त्यांनी तुला सांगितलं नसेल. कुणाच्या जिवाला धोका असल्याशिवाय माझं बोलणं त्या खोलीबाहेर जात नाही, आणि माझ्यामागे कुणी काही सांगितलं तर ते माझ्यापासून लपवलं जात नाही.

त्या माझे कान भरत नाहीत, सल्लेही देत नाहीत. पहिल्या भेटीत नुसते प्रश्न होते: झोप, भूक, काम, घरात कोण कोण. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटेल, असंही त्या म्हणाल्या. त्यामुळे मी कधी रडत घरी आले, तर "बघ, सांगत होते ना?" हे ऐकवू नकोस.

तुझ्याबद्दल मी "आई शाळेत शिकवते" एवढंच सांगितलं होतं. पुढचं बोलायला जीभ रेटत नव्हती. आज कुठून सुरुवात करायची, ते तुझ्या फोनने ठरवून टाकलं.