कट्ट्यावरचा पेला

बाई,

काल एक पोरगी दारात आली. गल्लीत तापाची साथ आहे, म्हणून ती घरोघर माहिती घेत फिरत होती. तिनं विचारलं, "काका, बाहेरचं काही खाल्लं-प्यालं?" मला हसूच फुटलं. म्हातारा चक्रम दिसतोय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. याच प्रश्नावरून तुम्ही मला सगळ्या ऑफिसात झाडलं होतं, हे तिला कुठून ठाऊक असणार.

तुम्ही आरोग्य खात्यातल्या डॉक्टर आणि मी तुमच्या हाताखालचा नवा कारकून. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. रोज दुपारी सायकलवरून पेठेतल्या दवाखान्यांत जायचं आणि आज तापाचे कोण कोण आले ते विचारून यायचं, एवढंच माझं काम. डॉक्टर मंडळी मला 'तापवाला' म्हणायची. मी आणलेला एकेक रोगी म्हणजे भिंतीवरच्या शहराच्या नकाशात एकेक टिकली, बाईसाठी लाल आणि पुरुषासाठी काळी. बाई शहराला नटवतात, म्हणून ऑफिस हसायचं. इस्पितळातल्या खाटा भरल्यावर साथ कळून काय उपयोग, असं तुम्ही म्हणायचात. मला ते तेव्हाच पटलं होतं, पण हसणाऱ्यांत मीही असायचो.

त्या उन्हाळ्यात आमच्याच पेठेत टिकल्या वाढायला लागल्या. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड. नळाच्या पाण्यावर संशय होता, पण त्याच नळाच्या दुसऱ्या गल्ल्या ठणठणीत होत्या. मी घरोघर विचारून आलो आणि सांगितलं, कुणीच बाहेरचं काही घेतलेलं नाही. तुम्ही भडकलात. "लोक खोटं बोलत नाहीत. तुम्ही विचारता आळशीपणानं." मग मला नकाशापुढे उभं केलंत. "सगळ्या काळ्याच दिसतायत. एका घरात एकाच हंड्याचं पाणी पितात ना? मग बायका कशा वाचल्या? संध्याकाळी पुरुष जातात कुठं?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळी आमचे पुरुष कट्ट्यावर जातात. तिथं म्हशी बांधलेल्या असतात, पेल्यात थेट धार काढून देतात, फेसासकट. त्याला कुणी 'बाहेरचं' म्हणत नाही, ते घरचंच. आणि तिथं धार काढणारा गवळी म्हणजे माझा बाप. ते दूध बंद झालं तर आमची चूल बंद. तरी मी बोललो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बसा. आधी पाणी प्या."

वरच्या साहेबांनी कट्टा उठवायचं ठरवलं. घरी वडील कडाडले, "दुधानं कुणी आजारी पडतंय व्हय? तुझी बाई म्हशीपरास शानी हाय की!" दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही कट्ट्यावर येऊन बसलात. म्हशीकडे बघितलंच नाहीत, बघत राहिलात बादलीकडे. उष्टा पेला बादलीत बुचकळायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भरून द्यायचा, अशी तिथली रीत. बादलीत पाणी शेजारच्या जुन्या विहिरीचं, आणि विहिरीला लागून गटार. तपासणीत पाणी वाईट निघालं. तुम्ही साहेबांशी भांडलात, विहीर बंद करवलीत, कट्टा राखलात. वडिलांना म्हणालात, "म्हशीचा दोष नाही मामा, बादलीचा आहे. पेले उकळत्या पाण्यात घाला."

नव्या टिकल्या थांबल्या, पण गिऱ्हाईक फिरकेना. वडील भरल्या कासेच्या म्हशीशेजारी नुसते बसून राहायचे. मग एका संध्याकाळी तुम्ही आलात, सगळ्यांदेखत पेला मागितलात आणि तळापर्यंत प्यालात. वडील गर्दीकडे वळले. "आता बोला की पावणं, कोण भितंय?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही रजेवर. तुम्हाला दूध सोसत नाही, हे मला माहीत होतं, तुमचा कोरा चहा मीच आणायचो. वडील मात्र मरेपर्यंत सांगायचे, "बाईस्नी आणिक एक पेला पायजे हुता, पर लाजल्या." मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही. तुमच्याएवढं धाडस मी पुढे कुणात बघितलं नाही, हे तुम्हालाही सांगायचं राहून गेलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी आजही रोज संध्याकाळी कट्ट्यावर दूध पितो. आणि काल त्या पोरीला मी अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "न्हाय बाळ, बाहेरचं कायबी न्हाय."