चोवीस थ्रेड

२८ जानेवारी २०१९, सोमवार
ठरलं एकदाचं. कंपू भागातलं रुग्णालय आणि आमचं सिटी सेंटरचं, पुढच्या सोमवारपासून एकच. नंबर लावायची वेबसाइटही एक. सर्व्हर सांभाळणारे मात्र दोन — तिकडचे महिपतरावकाका, इकडची मी. जागा एकच. साहेब हसत म्हणाले, "काम देखकर तय करेंगे."
मला ही नोकरी हवी आहे. हवीच आहे.

३० जानेवारी
बाहेर धुकं. सर्व्हरच्या खोलीत दिवसभर तीच घूं घूं. बसल्या बसल्या डोळे मिटतात, बरं वाटतं.
काकांनी थ्रेड चोवीसच ठेवलेत! थ्रेड म्हणजे पंगतीतले वाढपी — जितके असतील तितक्यांचंच काम एका वेळी हाती घेणार, बाकीचे थांबणार. म्हटलं, "काका, दोनशे करू या की." तर म्हणाले, "अगं दुर्गा, सगळे माहिती आणायला जाणार त्या एका जुन्या डेटाबेसकडे. तो किती जणांना पुरणार?"
घाबरट आहेत, दुसरं काय.

२ फेब्रुवारी, शनिवार
पहाटे स्वप्न. दाना ओली गल्लीत गणपतीची पंगत. दोनशे वाढपी सोवळ्यात, हातात पळ्या, आणि भाताचं पातेलं एकच. सगळे त्याच्याभोवती उभे, हसताहेत. कोणी हलत नाही, आवाज नाही. भाताची वाफ वर वर चाललेली. जाग आली तेव्हा इतकं छान वाटत होतं!
शुभशकुनच समजले. ऑफिसात जाऊन आकडा दोनशे केला. काकांना विचारलं नाही. वहीत नोंद मात्र केली — जो बदल करेल त्याने स्वतःच्या हाताने लिहून खाली नाव घालायचं, ही काकांचीच शिस्त.

४ फेब्रुवारी, सोमवार
नऊला साइट उघडली, सव्वानऊला गोठली. दोनशेच्या दोनशे डेटाबेसपाशी ताटकळत. स्वप्नातल्यासारखेच, मूर्ख मी.
काकांनी मला कंपूत पिटाळलं, कागदावर नंबर लिहून द्यायला. रांग रस्त्यापर्यंत. एक आजोबा म्हणाले, "बेटा, खड़े रहें कि जाएँ?" सव्वादहाला सगळं आपोआप सुरू झालं.
आपोआप कसलं, काकांनी केलं असणार. लाजेने फोनही केला नाही.

५ फेब्रुवारी
नुसती झोपले.

१५ फेब्रुवारी
मला ठेवलं. साहेब म्हणाले, "गलती हुई, पर तुमने खुद सँभाल ली." मी कुठे सांभाळली? पण गप्प बसले. नोकरी हवी होती ना!
काका डबा आवरत होते. म्हणाले, "येत जा कधी घरी, चहाला." रागावलेले अजिबात वाटले नाहीत. घरी येताना सगळा रस्ता धूसर दिसत होता, आणि धुकं तर केव्हाच सरलंय.

१८ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी बदलांची वही उघडली. ४ फेब्रुवारी, दहा वाजून दहा मिनिटं. थ्रेड दोनशेचे चोवीस केले. खाली नाव — दुर्गा.
अक्षर काकांचं.
साहेब अजून यायचेत. वही मांडीवर घेऊन त्यांच्या दाराशी बसले आहे.